तिसरं रीळ

कुडतरीच्या त्या घराची यादी करायला
वकील बार्रेटोंनी मला धाडलं.
सोबत मोजपट्टी, दोन पेनं
आणि ताकीद: चमचेसुद्धा मोजायचे.

वारस एकोणीस.
सहा मडगावात, चार लिस्बनला, आठ स्विंडनला,
आणि नैरोबीत एक,
तो आहे की नाही यावर पुढची तारीख.

लुडोविनानं दार उघडलं.
चाव्या तिनं बिस्किटांच्या डब्यात ठेवलेल्या,
दर चावीला लोकरीचा वेगळा धागा.
हिरवी म्हणजे साला.
पिवळी म्हणजे तांदूळ.
लाल म्हणजे दोतोर आदेलिनो जिथं गेले ती खोली,
ती तिनं माझ्या हाती दिली नाही, स्वतःच उघडली.

तिसऱ्या दिवशी पलंगाखाली पत्र्याचे तीन डबे.
विलायती सिनेमा, भुताचा, काळापांढरा.
मुरगाव बंदरात एका खलाशानं
औषधाच्या पैशांऐवजी दोतोरांना दिलेला.
प्रोजेक्टर चालतो का बघणं माझ्या कामातच येतं,
चालणाऱ्या वस्तूची किंमत निराळी.

जेवणघरात चादर टांगली.
ओरातोरियोसमोर नको म्हणाली ती.

एक तरुण. रेनकोट. हातात पत्र.
कधी न पाहिलेल्या काकानं ठेवलेलं घर,
अट एकच, पहिली रात्र तिथं काढायची.
धुकं इतकं,
की आमच्याकडे एवढा धूर फक्त काजूच्या भट्टीला.
वकील आला तेव्हा मी उगाच ताठ बसलो.

मग ती आली, घर सांभाळणारी.
काळा झगा, हातात दिवा,
आणि मागचं संगीत लगेच बदललं.
कॅमेरा तिच्या बोटांवर रेंगाळे
जसं काही कुलूप उघडता येणं हाच गुन्हा.
तरुण तिला पाठ दाखवायला भीत होता.
मीही भ्यालो, खोटं कशाला बोलू.

लुडोविना मात्र खुर्ची पुढं ओढून बसली.
'सूप निवता मरे,' ती त्याला म्हणाली,
'आणि तू भिंती कसल्या ठोकतोस?'

दुसरं रीळ संपतं तेव्हा
तो एका बंद दारापाशी उभा,
तिच्याकडून हिसकावलेला जुडगा हातात,
आणि कुठली चावी ते त्याला कळत नाही.

तिसरा डबा उघडला, तर शिरक्याचा वास.
फिल्म गुळाच्या ढेपेसारखी एकात एक बसलेली.

त्याच रात्री स्विंडनहून मेल्विटोचा व्हिडिओ कॉल.
गोदामातली पाळी संपवून आलेला करडा चेहरा,
मागे अरुंद जिना,
पायऱ्यांवर चार बिऱ्हाडांचे बूट.
घर दाखव म्हणाला. लहानपणी एकदाच आलेला.
मी फोन फिरवला: शिंपल्यांच्या खिडक्या,
चोवीस माणसांचं टेबल, झुंबराची नुसती साखळी.

'ते पांढरं काय?'
चादर, मी म्हटलं.
'आणि तिच्यामागं कोण उभंय?'
लुडोविना.
तो दोन पायऱ्या वर सरकून बसला.
'कोण?'

एक्केचाळीस वर्षं, मी सांगितलं.
आवाज तुटत होता. त्याला काय ऐकू गेलं ठाऊक नाही.

यादी पुरी झाली.
चमचे सत्तेचाळीस.
सिनेमा: रिळं तीन, पैकी एक निकामी, किंमत शून्य.
चाव्या तेवीस.

शुक्रवारी बार्रेटो स्वतः आले,
लाखेची कांडी घेऊन,
चाव्या पाकिटात घालून मोहोर करायला.
लुडोविनानं डबा मांडीवर घेतला.
'लोकर माझी,' ती म्हणाली.
यादीत लोकर नव्हती. मी दोनदा पाहिलं.

वकील घड्याळ बघत उभे राहिले.
ती गाठी सोडत बसली,
नखांनी, आणि सुटली नाही तिथं दातांनी,
आधी पिवळी,
मग हिरवी,
लाल सर्वांत शेवटी.